श्रद्धेचा विषय, अभ्यासाचा विषय : यहुदी धर्माच्या विद्याशाखेची ओळख

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की आम्ही दहा-बारा जण वाचनासाठी मागे थांबतो. मागच्या महिन्यात बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पाचवा खंड घेतला. त्यातल्या हस्तलिखिताचे शीर्षकच असे आहे की त्याचा अर्थ होतो, 'अस्पृश्य अथवा भारताच्या घेटोतील मुले'. बारावीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "दादा, घेटो म्हणजे काय?" आम्ही सांगितले, १५१६ साली व्हेनिस शहरात ज्यूंना एका बेटावर वेगळे राहायला लावले, रात्री दरवाजे बंद व्हायचे, त्या जागेचे नाव घेटो. तिचा पुढचा प्रश्न होता, "मग ज्यू हा धर्म आहे की जात?" इथे मात्र आमची गाडी अडली. कोणी म्हणाले धर्म, कोणी म्हणाले वंश, कोणी थेट इस्रायलवर गेले आणि पुढचा अर्धा तास गाझावरच वाद झाला.

त्या दिवशी आमच्या लक्षात आले की 'ज्यू' म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : हिटलर आणि इस्रायल. मधली तीन हजार वर्षे गायब. म्हणून गेले काही आठवडे आम्ही थोडे वाचन केले. यहुदी धर्माकडे विद्यापीठात कसे पाहतात, ही विद्याशाखा उभी कशी राहिली, कोणी उभी केली, हे वाचताना आम्हाला वारंवार आपलीच आठवण येत राहिली. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. एखाद्या धर्माचा अभ्यास म्हणजे त्या धर्माच्या नावाने चालणाऱ्या सरकारची वकिली नव्हे. पॅलेस्टिनी जनतेच्या प्रश्नावर आमची मते आहेत आणि ती आम्ही लपवत नाही. पण हा लेख त्या विषयावर नाही.

धर्म की समाज?

त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण या विद्याशाखेतलाही हा पहिला मोठा प्रश्न आहे.

प्राचीन काळी 'यहुदी' म्हणजे यहुदा या प्रदेशाचा माणूस. जेरुसलेमला मंदिर, तिथे पुरोहित, तिथे बळी. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. मंदिर गेले, पुरोहितांचे काम गेले. साधारणपणे असा समाज इतिहासात विरून जातो. इथे तसे झाले नाही, कारण मंदिराची जागा ग्रंथाने आणि पुरोहिताची जागा रब्बीने घेतली. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे, शिकवणारा. तोंडी चालत आलेले नियम आणि वाद इ.स. २०० च्या सुमारास 'मिश्ना' या ग्रंथात बांधले गेले. मिश्नावर पुढे कित्येक पिढ्यांनी चर्चा केली, तिचा संग्रह म्हणजे 'तालमूद'. बाबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये तयार झालेला तालमूद साधारण सहाव्या शतकापर्यंत आकाराला आला. त्याचे छापील पान पाहण्यासारखे असते. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी या पंडिताचे भाष्य, दुसऱ्या बाजूला त्याच्यानंतरच्यांनी घेतलेल्या हरकती. एकाच पानावर हजार वर्षांचे भांडण. हरलेल्या पक्षाचे मतही खोडलेले नाही, ते नावासकट तिथेच आहे. आपल्याकडे त्रिपिटक आणि त्यावरची अट्ठकथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

या सगळ्यात 'धर्म' कुठे आणि 'समाज' कुठे, हे वेगळे काढताच येत नाही. काय खायचे, शनिवारी काम करायचे की नाही, लग्न कसे, शेतीचा वाटा कोणाला, खटला कसा चालवायचा, सगळे एकत्र. युरोपात आधुनिक राज्य आले तेव्हा राज्याने ज्यूंना सांगितले, 'नागरिक व्हायचे असेल तर तुमचा कायदा, तुमची वेगळी पंचायत सोडा. धर्म घरात आणि प्रार्थनास्थळात ठेवा.' तेव्हा कुठे यहुदी परंपरा ख्रिश्चन चर्चच्या साच्यातला एक 'धर्म' बनली. लिओरा बाटनिट्झकी यांच्या २०११ च्या पुस्तकाचा विषयच हा आहे की यहुदी परंपरा 'धर्म' कशी बनली. डॅनिएल बॉयारिन तर पुढे जाऊन म्हणतात की ज्याला आज आपण यहुदी धर्म म्हणतो, ती कल्पनाच आधुनिक आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या कोणालाही इथे थांबावेसे वाटेल. धम्म आणि रिलिजन एक नाहीत, हे बाबासाहेबांनी किती काळजीपूर्वक मांडले आहे! जनगणनेच्या रकान्यात मात्र आपल्याला 'धर्म'च लिहावा लागतो. रकाना दुसऱ्याने आखलेला असला की आपले जगणे त्यात बसवताना काहीतरी कापले जातेच.

सात तरुण आणि एक बंद दरवाजा

आता मुख्य गोष्टीकडे. यहुदी परंपरेचा अभ्यास युरोपातल्या विद्यापीठांत पूर्वीपासून होता, पण तो ख्रिश्चन पंडितांनी केलेला. त्यांच्या लेखी यहुदी धर्म म्हणजे येशूच्या आधीची पायरी. येशू आला, पायरीचे काम संपले. जिवंत ज्यू त्यांना दिसतच नव्हते. ज्यूंमध्ये टीकाकार नव्हते असे नाही. बारूख स्पिनोझाला १६५६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केले. त्याने पुढे १६७० साली छापलेल्या ग्रंथात, तोरा ही मोझेसने लिहिलेली नाही, असे पुरावे देऊन मांडले. पण स्पिनोझा एकटा होता. त्याच्या मागे संस्था नव्हती, चळवळ नव्हती.

चळवळ सुरू झाली १८१९ मध्ये, बर्लिनला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत ज्यूंविरुद्ध दंगली झाल्या होत्या. 'हेप-हेप' अशा आरोळ्या देत जमाव ज्यूंची घरे-दुकाने फोडत होते. नोव्हेंबरमध्ये सात ज्यू तरुण एकत्र बसले आणि ज्यूंची संस्कृती व शास्त्र यांसाठी त्यांनी एक मंडळ काढले. त्यांत लिओपोल्ड झुन्झ होता, एडुआर्ड गान्स होता. पुढे कवी हाइनरिश हाइनेही आला. बहुतेक विशी-पंचविशीतले, विद्यापीठात शिकलेली पहिली पिढी. त्यांचे म्हणणे असे होते : आमच्याबद्दलचे सगळे ज्ञान आमच्या विरोधकांच्या हातात आहे. आम्हीच आमचे ग्रंथ, आमचा इतिहास शास्त्राच्या कसोटीवर तपासू. त्यांनी ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचायचे ठरवले नाही आणि लाज वाटून फेकायचेही ठरवले नाही. तपासायचे ठरवले.

हे मंडळ पाच वर्षांत बंद पडले. कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रशियात १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची मुभा मिळाली होती. कायद्याचा विद्वान असलेल्या गान्सने जागेसाठी अर्ज केला, तर १८२२ मध्ये राजाने ती मुभाच काढून घेतली. १८२५ मध्ये गान्सने बाप्तिस्मा घेतला आणि मग तो बर्लिनला प्राध्यापक झाला. त्याच वर्षी हाइनेनेही बाप्तिस्मा घेतला. अशा माणसांना 'गद्दार' म्हणणे सोपे असते. आम्हाला तसे म्हणवत नाही. नोकरीसाठी आडनाव बदललेली, भाड्याच्या घरासाठी जात लपवलेली माणसे आम्ही रोज पाहतो. दरवाजा कोणी बंद केला, हे आधी विचारले पाहिजे.

झुन्झ मात्र राहिला. वर्तमानपत्रात नोकरी, शाळेत मास्तरकी, असे करत तो आयुष्यभर संशोधन करत राहिला. १८४८ मध्ये त्याने सरकारकडे मागणी केली की विद्यापीठात ज्यू इतिहास आणि साहित्याचे अध्यासन सुरू करा. ती नाकारली गेली. तो १८८६ मध्ये वारला. विद्यापीठाची खुर्ची त्याला कधीच मिळाली नाही.

त्याच्या दोन कामांविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रशियाच्या राजाने १८२३ मध्ये हुकूम काढला की ज्यूंच्या प्रार्थनेत काहीही नवे करता कामा नये, आणि 'नवे' यात जर्मन भाषेतले प्रवचनही आले. झुन्झने १८३२ मध्ये ग्रंथ लिहून दाखवून दिले की लोकांच्या भाषेत प्रवचन देणे ही ज्यूंची प्राचीन प्रथा आहे, नवे काहीच नाही. दुसरे प्रकरण नावांचे. १८३६ मध्ये सरकारने ज्यूंना 'ख्रिश्चन' नावे ठेवायला बंदी करण्याचा घाट घातला. बर्लिनच्या ज्यू पंचायतीने झुन्झला विचारले. त्याने 'ज्यूंची नावे' हे छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात शतकामागून शतक पुरावे मांडले : पर्शियन राज्यात ज्यूंनी पर्शियन नावे घेतली, ग्रीकांच्या काळात ग्रीक, अरबांमध्ये अरबी, जर्मनीत जर्मन. म्हणजे 'ज्यू नाव' आणि 'ख्रिश्चन नाव' अशी भिंत इतिहासात कधी नव्हतीच. हे पुस्तक दिसायला कोरडे, याद्याच याद्या. पण ते नागरी हक्काच्या लढाईतले हत्यार होते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे असे सांगितले आहे. आपल्या पणजोबांची नावे आठवून पाहा : कचरू, धोंडू, दगडू. आणि १९५६ नंतर घराघरात जन्मलेले सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता. नाव ठेवणे ही साधी गोष्ट नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. झुन्झच्या पुस्तकानंतर शंभर वर्षांनी, १९३८ मध्ये, नाझी सरकारने फर्मान काढले की ज्यूंनी सरकारने ठरवलेल्या यादीतलीच नावे ठेवावीत, आणि ज्याचे नाव यादीत नसेल त्या पुरुषाने 'इस्रायल' व त्या स्त्रीने 'सारा' हे नाव जोडून लावावे. ओळखू यावेत म्हणून.

आपल्याच घरावर टीका करायची का?

झुन्झनंतरच्या पिढीत अब्राहम गायगर आणि हाइनरिश ग्रेट्झ ही दोन नावे मोठी. गायगर स्वतः रब्बी होता, पण ग्रंथ 'वरून पडले' असे मानत नव्हता. प्रत्येक काळातल्या वादांनी ग्रंथाचा मजकूर कसा बदलत गेला, हे त्याने १८५७ च्या ग्रंथात दाखवले. शिवाय येशू हा ज्यू होता, आणि त्याच्या काळच्या परूशी पंथाच्या शिकवणीपेक्षा फार वेगळे तो बोलत नव्हता, असेही त्याने मांडले. ख्रिश्चन पंडितांना याचा फार राग आला. आजवर ते ज्यूंकडे पाहत होते. आता एक ज्यू त्यांच्याकडे, त्यांच्या देवाकडे अभ्यासक म्हणून पाहत होता. सुझाना हेशेल यांनी या उलट्या नजरेवर चांगले पुस्तक लिहिले आहे.

ग्रेट्झने १८५३ ते १८७६ या काळात ज्यूंचा इतिहास अकरा खंडांत लिहिला. काम प्रचंड, पण त्याच्या मर्यादाही आम्हाला दिसल्या. त्याचा इतिहास म्हणजे एकीकडे थोर पंडितांचा आणि दुसरीकडे छळाचा इतिहास. पूर्व युरोपातल्या गरीब ज्यूंची यिद्दिश भाषा त्याला अशुद्ध वाटे, त्यांचा भक्तीमार्ग, म्हणजे हसिदी पंथ, त्याला अंधश्रद्धा वाटे. शिकलेल्याने आपल्याच समाजातल्या न शिकलेल्याकडे असे पाहणे आपल्या चळवळीतही घडते. वस्तीतल्या आईची पालीतली चुकीची गाथा ऐकून हसणारे आम्ही पाहिले आहेत. कधीकाळी आम्हीही त्यांत होतो.

ग्रंथचिकित्सेचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे तोरा कोणी लिहिली हा प्रश्न. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी निर्माण होतो, दुसऱ्या अध्यायात प्राण्यांच्या आधी. देवाचे नावही दोन्हीकडे वेगळे. अशा खुणांवरून अभ्यासकांनी अनुमान काढले की वेगवेगळ्या काळांतले अनेक मजकूर एकत्र शिवले आहेत. जर्मन पंडित यूलियस वेलहाउझेनने १८७८ मध्ये ही मांडणी पक्की केली. आज तिच्यात पुष्कळ बदल झाले आहेत, पण एकच लेखक नव्हता हे विद्यापीठांत सर्वमान्य आहे. मात्र वेलहाउझेनच्या मांडणीत एक मेख होती : आधीचे पैगंबर उमदे, नंतरचा कर्मकांडी यहुदी धर्म म्हणजे घसरण. म्हणून सोलोमन शेख्टर या ज्यू विद्वानाने १९०३ मध्ये शब्दश्लेष करून म्हटले की ही जी 'उच्च' ग्रंथचिकित्सा आहे, ती उच्च दर्जाचा ज्यूद्वेष आहे. चिकित्सेची पद्धत बरोबर असू शकते आणि चिकित्सा करणाऱ्याचा पूर्वग्रहही तितकाच खरा असू शकतो. दोन्ही एकदम ध्यानात ठेवणे अवघड आहे, पण अभ्यास तिथेच सुरू होतो.

आमच्या गटात यावरून वाद झाला. एकाचे म्हणणे, 'दुसऱ्यांच्या ग्रंथाची चिरफाड ठीक, पण आपल्या ग्रंथांची आपणच केली तर विरोधकांच्या हातात कोलीत.' मग आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना काढली. बाबासाहेब तिथे पहिलाच प्रश्न विचारतात की, सिद्धार्थाने रोगी, वृद्ध आणि प्रेत पहिल्यांदाच पाहिले म्हणून गृहत्याग केला, हे पटण्यासारखे आहे का? एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला ते दिसलेच नव्हते? बौद्ध परंपरेतली सर्वांत लाडकी गोष्ट त्यांनी बुद्धीच्या कसोटीला लावली, तीही बौद्ध म्हणून, दीक्षेच्या उंबरठ्यावर उभे राहून. वाद तिथे संपला असे नाही, पण थंडावला.

अभ्यासाचा गैरवापर कसा होतो, हेही याच इतिहासात आहे. १८७९ मध्ये बर्लिनचा नामांकित इतिहासकार हाइनरिश फॉन ट्राइट्श्के याने ग्रेट्झवर हल्ला चढवत लेख लिहिला आणि ज्यू हे आपले दुर्दैव आहेत, अशा अर्थाचे वाक्य त्यात घातले. पुढे नाझींच्या एका साप्ताहिकावर तेच वाक्य घोषणा म्हणून छापले जाऊ लागले. नाझी काळात तर 'ज्यू प्रश्ना'च्या संशोधन संस्थाच निघाल्या, पदव्या असलेले प्राध्यापक, तळटीपा असलेले ग्रंथ, आणि लुटून आणलेली ज्यूंची ग्रंथालये. माक्स वाइनराइख यांनी १९४६ मध्ये 'हिटलरचे प्राध्यापक' हे पुस्तक लिहून या विद्वानांची नावे मांडली. तळटीप दिसली म्हणून लगेच मान डोलवायची नाही, हे आम्ही त्यावरून शिकलो.

पर्या, परैयर आणि उपरा

समाजशास्त्र शिकलेल्यांना इथे माक्स वेबर आठवेल. वेबरने भारतातल्या धर्मांवर लिहिले आणि लगोलग १९१७ ते १९१९ मध्ये प्राचीन यहुदी धर्मावर. त्यात त्याने ज्यूंना 'पर्या समाज' म्हटले. हा शब्द युरोपात गेला तो तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून. म्हणजे आपल्याच एका अस्पृश्य जातीचे नाव युरोपीय समाजशास्त्राने ज्यूंना समजून घ्यायला वापरले, आणि आम्हाला एम.ए.च्या वर्गात वेबर शिकवताना हे कोणी सांगितले नाही. वेबरने स्वतःच नोंदवले आहे की ज्यू हे जातिव्यवस्था नसलेल्या समाजातले पर्या. अनेक ज्यू अभ्यासकांनी या शब्दावर हरकत घेतली. इतिहासकार मोमिल्यानो यांनी तर त्यावर खास निबंधच लिहिला. बाबासाहेबांनीही ज्यू आणि अस्पृश्य यांची तुलना केली, पण अस्पृश्यांचे दुःख वेगळे आणि जास्त खोल आहे हे बजावून. तुलना करायची ती साम्य आणि फरक दोन्ही दिसण्यासाठी.

हाना आरेंट यांनी १९४४ मध्ये हा शब्द उलटा फिरवला. त्यांनी बर्नार लझार या फ्रेंच ज्यू लेखकाच्या आधारे दोन प्रकारची माणसे दाखवली. एक, वरच्या समाजात घुसण्यासाठी आपले मूळ पुसणारा उपरा-श्रीमंत. दुसरा 'जाणता पर्या' : मी बाहेरचा आहे हे ओळखून, त्याच जागेवरून समाजाला प्रश्न विचारणारा. गान्स आणि झुन्झ यांची गोष्ट यात किती बसते, ते वाचकांनी ठरवावे.

रडगाणे नको, हे कोणी म्हटले?

१९२८ मध्ये सालो बॅरन या तरुण इतिहासकाराने एक निबंध लिहिला. ज्यू इतिहास म्हणजे नुसते अश्रू, ही कल्पना सोडा, असे त्याने सांगितले. छळ झालाच नाही असे तो म्हणत नव्हता. पण मधल्या शतकांत ही माणसे जगत होती, व्यापार करत होती, गाणी रचत होती, भांडत होती, पंचायती चालवत होती. तो इतिहास कोण लिहिणार? १९३० मध्ये बॅरन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ज्यू इतिहासाचा प्राध्यापक झाला. होय, आपले कोलंबिया. बाबासाहेब तिथून गेल्याला तेव्हा चौदा वर्षे झाली होती.

बॅरनला हवा होता तसा इतिहास लिहायला साधन मिळाले ते कैरोमध्ये. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, अशी ज्यूंची रीत. म्हणून सिनेगॉगमध्ये जुने कागद टाकायची एक खोली असते, तिला 'गनिझा' म्हणतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधल्या खोलीत शेकडो वर्षांचे कागद साचले होते. १८९६ मध्ये अॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी आणलेले तुकडे शेख्टरने पाहिले आणि तो कैरोला गेला. केंब्रिजमध्ये आज त्या खोलीतले सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यांत धर्मग्रंथ आहेतच, पण लग्नाचे करार, काडीमोड, किराण्याच्या याद्या, मुलांची बाराखडी गिरवलेली पाने, सोडून गेलेल्या नवऱ्याविरुद्ध बायकोने केलेले अर्जही आहेत. गोइटाइन यांनी या चिठ्ठ्याचपाट्यांवर आयुष्य घालवले आणि मध्ययुगीन भूमध्य समाजाचे पाच जाड खंड लिहिले.

यात आपल्या किनाऱ्याची माणसेही आहेत. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी मंगळूरला येऊन राहिला. त्याने अशू नावाची एक दासी विकत घेतली आणि १९३२ च्या नव्हे, चक्क ११३२ सालच्या कागदाने तिला मुक्त केले. तो कागद आजही आहे. बोम्मा नावाचा त्याचा गुलाम-नोकर त्याचा माल घेऊन एडनला जायचा. अमिताव घोष यांनी १९९२ च्या पुस्तकात बोम्माचा माग काढला आहे. राजाचे नाव नाही, पंडिताचे नाव नाही, एका गुलामाचे नाव नऊशे वर्षे टिकले, कारण कोणीतरी कागद फेकला नाही.

गनिझा योगायोगाने टिकली. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी मात्र ठरवून कागद जमवले. इतिहासकार सायमन डुबनोव यांनी १८९१ मध्ये आवाहन केले की गावोगावी जुनी दप्तरे, गाणी, म्हणी गोळा करा. १९२५ मध्ये विल्ना शहरात 'यिवो' ही संस्था निघाली आणि शिक्षक, कामगार, विद्यार्थी तिला आपल्या गावातून माल पाठवू लागले. ग्रेट्झने ज्या यिद्दिशला हिणवले, त्याच भाषेत हे संशोधन झाले. १९४१ मध्ये रीगा येथे डुबनोव मारले गेले. वॉर्सा घेटोत एमानुएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या साथीदारांनी भुकेच्या वेढ्यात बसून रेशनकार्डे, पत्रके, मुलांचे निबंध, भिंतीवरच्या सूचना जमवल्या आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये पुरल्या. युद्धानंतर १९४६ आणि १९५० मध्ये त्यातले दोन साठे सापडले. रिंगेलब्लूम तोवर जिवंत नव्हते.

आमच्या भागात एका जुन्या कार्यकर्त्याचे निधन झाले तेव्हा त्यांच्या घरात ट्रंकभर कागद होते. नामांतराच्या काळातली पत्रके, जलशाच्या गाण्यांच्या वह्या, मोर्चाचे हिशेब. आम्ही चौदा दिवसांनी गेलो. तोवर रद्दीवाला येऊन गेला होता. घरच्यांची चूक नाही. आम्ही आधी कधी विचारलेच नव्हते.

कोकणातले शनिवार तेली

यहुदी धर्म शिकायला कैरोला जायची गरज नाही. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली शतकानुशतके राहिले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून आडनावे : राजपूरकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. त्यांच्यात मराठी कीर्तने झाली, १८४६ मध्ये वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. नवगावजवळ जहाज फुटले, सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची कथा आहे. कथा खरी की खोटी, एवढ्यावर अभ्यासक थांबत नाही. ती पहिल्यांदा कधी लिहिली गेली, कोणी सांगितली, सांगून काय साधले, असे विचारतो.

साधले ते असे. समाजात 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे दोन गट होते. गोरे म्हणजे सात जोडप्यांचे 'शुद्ध' वंशज, काळे म्हणजे ज्यांची आई बाहेरची. रोटी-बेटी बंद. १९७१ मध्ये शिफ्रा स्ट्रिझोवर यांनी मुंबईच्या बेने इस्रायलींवर केलेला अभ्यास छापला, त्यात हे सगळे आले आहे. कोचीनला तर परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत. त्यांच्यातलेच वकील ए. बी. सालेम यांनी त्याविरुद्ध सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना हे वाचून काय वाटेल, वेगळे सांगायला नको. आणि मग हेच बेने इस्रायली इस्रायलला गेले, तर तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, संसदेत चर्चा झाली, तेव्हा धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. दुसऱ्याला काळा म्हणणारा गोराही तिथे संशयितच ठरला होता.

स्त्रियांनी केलेल्या अभ्यासाविषयी स्वतंत्र लेख लागेल. एवढेच सांगतो की ज्युडिथ प्लास्को यांनी १९९० च्या पुस्तकात साधा प्रश्न विचारला : सिनाय पर्वताखाली देवाचा करार होताना मोझेस लोकांना 'स्त्रीजवळ जाऊ नका' म्हणतो, म्हणजे 'लोक' कोण? महाप्रजापती गौतमी आणि आठ गुरुधर्म यांवर आपल्याकडच्या भगिनी जे विचारतात, ते याच जातीचे आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी घोष यांच्या पुस्तकापासून करावी, गोष्टीसारखे वाचता येते. तालमूद आणि तनाख 'सेफारिया' या संकेतस्थळावर इंग्रजी भाषांतरासह मोफत आहेत. आमच्या गटात पुढच्या रविवारी अशूच्या मुक्तीच्या कागदावर बोलायचे ठरले आहे. येताना प्रत्येकाने घरातला एक जुना कागद आणायचा आहे : शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, वर्गणीची पावती, काहीही. त्या बारावीतल्या मुलीने सांगितले आहे की तिच्या आजीकडे १९५६ च्या नागपूरच्या प्रवासाचे काहीतरी आहे, पण आजी ते कोणाच्या हातात देत नाही. म्हणून आजीलाच बोलावले आहे.